वृंदाची पावलं

७ जुलै, सोमवार
२,९८० पावलं! मागच्या आठवड्यात शंभर-दीडशेच्या वर जात नव्हती, मला घास उतरत नव्हता. डॉक्टरांनी बजावलंय — वृंदाची केमो चालू आहे, रक्तात गुठळी होऊ शकते, नुसतं पडून राहू देऊ नका. आमच्या मांजर्लीत सगळीकडे चिखल, म्हणून तिने घरातल्या घरातच चालायचं, पावलं मोजायला मोबाइल कमरेला खोचून. मी अंबरनाथला फॅक्टरीत, दिवसभर तिच्यापाशी गयाबाई. केर-लादी, स्वयंपाक सगळं तीच बघते. घरी आलो की चपला काढायच्या आधी मी आकडा बघतो. आज पोटभर जेवलो.

१० जुलै
३,४१५! शाबासकी दिली. वृंदा म्हणाली, "तुम्ही आधी जेवून घ्या बघू."

१३ जुलै, रविवार
१८०!! गयाबाईची सुट्टी, मी घरात, आणि बाईसाहेब पलंगावर. "पाय भरून आलेत हो." माझा तोल गेला — "मी नसलो की बरी चालतेस!" ती भिंतीकडे तोंड करून झोपली. बोलायला नको होतं. जेवलो नाही.

१८ जुलै
डावी पोटरी सुजलीये. हात लावला तर गरम. गयाबाई तेल घेऊन बसलीच होती, तेवढ्यात डॉक्टरांना फोन लागला — अजिबात चोळू नका, लगेच आणा! मीच चालवलं जास्त. हावरटासारखा आकडा वाढवत बसलो.

१९ जुलै
गुठळीच निघाली. फुप्फुसात गेली तर — नाही लिहवत. पोटात इंजेक्शनं सुरू केलीत. डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळे झालं का? "चालण्याने गुठळी होत नाही हो. मूळ कारण हा आजार. पडून राहिलं की धोका वाढतो." पण ही कुठे पडून होती? रोजची तीन हजार पावलं! मला धीर द्यायला बोलले असणार.

२२ जुलै
डॉक्टर म्हणतात, आता हळूहळू चालवा. भीती वाटते. मोबाइल कपाटात टाकला. एक पाऊल टाकू देणार नाही!

२४ जुलै
गयाबाई दारातच रडायला लागली. "दादा, वहिनींना चालू द्या. त्या कधी चालल्याच नाहीत. मोबाइल माझ्या कमरंला असायचा."
राग आला. तिचा, वृंदाचा, सगळ्यात जास्त माझा. वृंदाला हात दिला. स्वयंपाकघरापर्यंत चोवीस पावलं, माझ्या डोळ्यांदेखत. मध्येच धाप लागली, थांबलो. तेव्हा विचारलं, का असं केलंस?
"आकडा कमी दिसला की तुम्ही ताट तसंच बाजूला सारायचात."