गाठोड्याचं नाव

१२ जानेवारी, संध्याकाळ

हॉस्पिटलातून घरी पोचलो. मुलगा. वजन उत्तम, आवाज त्याहून उत्तम. येताना रस्त्यात दोनदा रेनडिअर आडवे आले. मी एकदाही शिवी दिली नाही. काइसू (बायको) म्हणाली, दोन्ही वेळा दिलीस. थकली आहे बिचारी.

आजपासून रोजनिशी. कारण, घरात गुपित आहे आणि ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आहे. बाळाचं नाव बारशाच्या दिवशी पाद्रीबाई विचारतील तेव्हाच चारचौघांत उच्चारायचं. आधी फुटलं तर मुलाला बाधतं, असं आईच्या पिढीतले लोक म्हणतात. माझा विश्वास नाही. पण मी पाळणार, कारण असल्या बाबतीत माझं तोंड म्हणजे कुलूप. बारसं १५ मार्चला. तोवर कामचलाऊ नाव: गाठोडं. हे आमच्या लेकीने, वेन्लाने ठेवलं. ती पाच वर्षांची आहे, तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नाही.

खरं नाव मी ठरवलं आहे. व्होइत्तो. म्हणजे विजय. काइसूला सांगितलं. ती म्हणाली, बघू. म्हणजे हो.

१३ जानेवारी

काइसूने विचारलं, तुझ्या वडिलांचं नाव ठेवायचं का? नेस्तोरी?

वडील सप्टेंबरात गेले. मी म्हणालो, या तळ्याला एक पुरे झाला. विषय तिथेच संपवला आणि शेगडीत लाकडं घालायला गेलो. लाकडं ओली. धुराने डोळे चुरचुरले. काइसू म्हणाली, शेगडी पेटलेलीच नाही.

संकल्प: गाठोड्याची दुपारची झोप सर्वस्वी माझ्याकडे. वडिलांची जाळी शेडमधून काढून त्यांच्याच जागी बर्फाखाली सोडणार, बारशाला पाहुण्यांच्या पानात आपल्या हातचा मासा पडला पाहिजे. आईकडे रोज एक चक्कर. जाळ्यांना उद्यापासून सुरुवात.

१४ जानेवारी

वारा. जाळी उद्या.

१९ जानेवारी, दुपार

बाहेर उणे बारा. झोपेला छान हवा, आमच्याकडे बाळं दुपारी बाहेर थंडीतच झोपवतात. बाबागाडी घेऊन तळ्याच्या काठाने तासभर फिरलो. एकसारखी चाल, वळणावर हलका हात, तोंडाने बारीक गुणगुण. गाठोड्याने चूं केलं नाही. वाटेत पेंत्ती भेटला (शेजारी, वडिलांचा जन्माचा जोडीदार). त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. त्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, खरंच शांत आहे.

घरी आलो तर काइसू गाठोड्याला पाजत बसली होती. तिने त्याला गाडीत ठेवायच्या आतच मी निघालो होतो, असं निष्पन्न झालं. मी म्हणालो, ही रंगीत तालीम होती.

२३ जानेवारी, गुरुवार

दुकानाची गाडी आली. हिल्क्का गाडी चालवते, गल्ला सांभाळते आणि आमच्या सगळ्या किनाऱ्याची बातमीदार आहे. तिने दूध मोजता मोजता विचारलं, नाव ठरलं का रे?

मी म्हणालो, ठरलंय, पण माझ्याकडून निघायचं नाही. ती म्हणाली, बरं. आणि गप्प बसली. आमच्याकडे लोक गप्प बसतात तेव्हा फार नीट बसतात. मला ते झेपत नाही. मी एवढंच म्हणालो की नाव जुनं आहे, मर्दानी आहे आणि त्याचा अर्थ विजय. ती म्हणाली, व्होइत्तो? मी चेहरा दगडासारखा ठेवला आणि वर म्हणालो, तुला कोणी सांगितलं? तिला काही थांगपत्ता लागला असेल असं वाटत नाही.

२६ जानेवारी

आईकडे चक्कर. आई खिडकीशी. वडील गेल्यापासून तिथेच बसते, समोर तळं, जिथे त्यांची जाळी असायची तिकडे तोंड. बोलणं हो आणि नाही एवढंच. शनिवारचा सॉनाही (वाफेची न्हाणी) तापवत नाही. आमच्या लग्नात, बर्फाच्या वादळात, इतकंच काय आजोबा गेले त्या शनिवारीसुद्धा तिने तो तापवला होता. मी तिला म्हातारपणी उत्साही कसं राहावं यावर थोडं सांगितलं. सुमारे पाऊण तास. ती म्हणाली, हो.

बारशाला तू बाळाला हातात धरायचं आहेस, असं काइसूने सांगायला सांगितलं होतं, ते सांगितलं. आई म्हणाली, मला नाही जमणार यायला. बर्फ घसरडा आहे.

आई जन्मभर याच बर्फावर चालते आहे. घागरी घेऊन चालली आहे. मी म्हणालो, बरं. बाकी आई ठीक आहे. वय झालं, दुसरं काय.

काइसूला सांगितलं तर ती म्हणाली, तार्मो, तू तुझ्या वडिलांचं नाव या घरात शेवटचं कधी घेतलंस? मी म्हणालो, तेराव्या तारखेला, याच विषयावर. ती म्हणाली, मी घेतलं होतं. तू नाही.

चुकीचं आहे. मागची नोंद पाहिली. पण वाद नको.

२ फेब्रुवारी

पेंत्तीच्या सॉनात गेलो. सॉनात बोललेलं बाहेर जात नाही, त्यामुळे तिथे नाव सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. सांगितलं.

पेंत्तीने दगडांवर पाणी ओतलं. मग म्हणाला, मी लग्न करतोय हे याच बाकावर पहिल्यांदा तुझ्या बापाला सांगितलं. गावात पसरवेल म्हणून सांगितलं, मला स्वतःला लाज वाटत होती. नेस्तोरीने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. शेवटी मलाच दारोदार फिरावं लागलं.

मी विषय बदलला. वाफ फार होती, डोळ्यांत गेली.

पेंत्तीने शेडची किल्ली मागितली. जाळ्यांना भोकं पडली असतील, बघून ठेवतो म्हणाला. मी म्हणालो, मी याच आठवड्यात काढणार होतो. तो म्हणाला, हो ना, म्हणूनच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काइसू दुकानाच्या गाडीकडे गेली होती. परत आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, तुझ्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. हिल्क्काने मला व्होइत्तोची आई म्हणून हाक मारली. शाळेच्या टॅक्सीवाल्याने व्होइत्तो कसा आहे विचारलं.

मी म्हणालो, हिल्क्का फार धूर्त बाई आहे, आणि टॅक्सीवाल्याचं मला माहीत नाही. (त्याला फक्त पहिली दोन अक्षरं सांगितली होती.)

काइसू अचानक शांत झाली. मला वाटलं होतं आणखी बोलेल. ती म्हणाली, नाव फुटलंच आहे, तर आता एक कर. बारशाला काय नाव सांगायचं त्याचा शेवटचा शब्द मला दे. मी म्हणालो, दिला. नंतर आईकडे गेलो असताना तिने आईसमोर परत विचारलं, दिलास ना? मी म्हणालो, दिला म्हणजे दिला, मी काय रोज फिरणारा माणूस आहे? आईने कित्येक महिन्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

असा थोडा मोठेपणा दाखवला की संसार सुरळीत चालतो. नाव तर ठरलेलंच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी काइसू एकटीच गाठोड्याला घेऊन आईकडे गेली. दुपार उलटली तरी पत्ता नाही. आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, वारा होता. आज वारा अजिबात नव्हता. मी पाहिला होता, कारण जाळ्यांना जायचं होतं. (घोट्यात कळ. उद्या.)

चार वाजता आईच्या सॉनाच्या धुराड्यातून धूर.

मी पायरीवर उभा राहून तो सरळ वर जाताना पाहिला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. पाऊण तासाच्या त्या बोलण्याचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागले, पण झाला. काइसूला तसं म्हणालो. ती म्हणाली, हो, तुझ्यामुळेच.

१६ फेब्रुवारी

गावात माझा मान वाढला आहे. मी आत गेलो की लोक बोलायचे थांबतात. आज पेंत्तीकडे चारपाच जण कॉफी पीत बसले होते, मी दार उघडताच एकदम चिडीचूप. मग एकजण म्हणाला, हवा बरी आहे. सगळे म्हणाले, बरी आहे. पेंत्तीच्या बायकोने वडिलांचा तरुणपणीचा एक फोटो टेबलावरून उचलून घाईने पाव ठेवायच्या डब्यात घातला. का, ते कळलं नाही. मी विचारलं नाही. त्या फोटोत त्यांचे कान गाठोड्यासारखे होते.

२० फेब्रुवारी

वेन्ला झोपताना म्हणाली, बाबा, मला गाठोड्याचं नाव माहितीये पण मी सांगणार नाही. मी म्हणालो, शाब्बास, मलाही माहीत आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवून पांघरुणात गेली आणि आत बराच वेळ हसत होती.

काइसूने मुलीला सांगायला नको होतं. पाच वर्षांच्या पोराच्या पोटात काय राहणार? मी तिच्यावर लक्ष ठेवणार आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हिल्क्काकडे बारशाच्या केकची ऑर्डर दिली. आता कुजबुजायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी कुजबुजलो. केकवर मोठ्या अक्षरांत व्होइत्तो. हिल्क्का म्हणाली, मी अभिनंदन लिहिते. मी म्हणालो, नाव. ती म्हणाली, अरे, नावावरून सुरी फिरवतात का कोणी? अभिनंदनच बरं. बाई विचारी आहे हे मान्य करायला हवं.

१ मार्च

दारात बादली. बादलीत मासे, ताजे, चकचकीत. शेजारी शेडची किल्ली. जाळी वडिलांच्या जागी सोडलेली आहेत, पेंत्तीने, केव्हाचीच. म्हणजे एक संकल्प पुरा झाला, आणि वेळेआधी. काम कोणाकडून करून घ्यावं हे ज्याला कळतं त्याला घोट्याचा त्रास आड येत नाही.

मासे साफ केले. सुरी वडिलांची. मुठीला त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे. माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. आज एवढंच.

१४ मार्च

उद्या बारसं. काइसूने सात प्रकारचं गोड भाजलं, मी चाखून सूचना केल्या. आई येणार आहे. बर्फाचं काय म्हणून विचारलं तर म्हणाली, कसला बर्फ.

आरशासमोर सराव केला. नाव जाहीर होईल तेव्हा सगळ्यांना बरं वाटावं म्हणून मीही थोडं चकित व्हायला हवं. भुवया वर, तोंड किंचित उघडं. छान जमतंय.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळ

पाद्रीबाई तळ्याच्या बर्फावरून स्नोमोबाइलने आल्या, हेल्मेट काढलं, झगा चढवला. ऊन इतकं होतं की पडदे ओढावे लागले. आमच्या बैठकीत उभं राहायला जागा नाही एवढे लोक. आईने काळा पोशाख न घालता निळा घातला होता. गाठोडं तिच्या हातात, घराण्याच्या त्या लांबलचक पांढऱ्या झबल्यात. याच झबल्यात मी होतो, आणि वडील होते.

पाद्रीबाईंनी विचारलं, या बाळाचं नाव काय?

मी भुवया वर घेतल्या.

आई म्हणाली, नेस्तोरी व्होइत्तो.

स्पष्ट म्हणाली, मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात. वडिलांना जाळ्यावरून जेवायला बोलवायची तोच आवाज. मी तो परत कधी ऐकायला मिळेल असं धरलंच नव्हतं.

कोणीही चकित झालं नाही. पेंत्ती नाही, हिल्क्का नाही, टॅक्सीवाला नाही. मी आजूबाजूला पाहिलं तर बाळाकडे कोणी बघतच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. पाद्रीबाई हळूच म्हणाल्या, बापाची संमती आहे ना? नसेल तर आता सांगायचं. त्या थांबल्या. सगळे थांबले. काइसूचा चेहरा मी इतका घाबरलेला कधी पाहिला नाही.

मी होकारार्थी मान हलवली. मग रडलो. शेगडी बंद होती, वाफ नव्हती, वारा नव्हता. सप्टेंबरात रडायचं राहून गेलं होतं ते सगळं तिथे पाहुण्यांसमोर, हातात कॉफीचा रिकामा कप घेऊन. पेंत्तीने कप काढून घेतला आणि नवा रुमाल दिला. त्याने तो आधीच आणून ठेवला होता.

नंतर आई कॉफी घेऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, उद्या जाळी बघायला जाऊ, तू आणि मी. मी म्हणालो, घोट्यात कळ आहे. ती म्हणाली, कसली कळ.

१५ मार्च, नंतर

पाहुणे गेले. काइसूला विचारलं, कधीपासून ठरलं होतं? म्हणाली, आठ फेब्रुवारीपासून. ते नाव आईंनी मागितलं, मलाही तेच हवं होतं. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू नाही म्हणाला असतास. आणि हो म्हणाला असतास तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याला कळलं असतं. मी दाखवून दिलं की टॅक्सीवाल्याला माहीत होतंच. ती म्हणाली, हो, त्याला मी सांगितलं. सगळ्यांना मीच सांगितलं, तुझ्यापुढे सांभाळायचं म्हणून.

म्हणजे अख्ख्या किनाऱ्यावर एकट्या मला माहीत नव्हतं.

या सगळ्यात एका गोष्टीचं मात्र समाधान आहे. वेन्लाला माहीत होतं. पाच वर्षांची पोर, रोज माझ्या मांडीवर बसून लापशी खायची, पण एक अक्षर तोंडातून निघालं नाही. गुपित सांभाळायचा हा गुण तिने माझ्याकडून उचलला आहे.