पितृपक्ष संपल्यावर बोलायची बंदी

नाहूर

ती. सुगंधावन्सं यांस शकूचा नमस्कार.

चिपळूणला सगळे बरे असाल. गुडघ्याला तेल लावता ना? मी बरी आहे, असं मला वाटतं. पण माझं मत सध्या घरात धरत नाहीत. सुबोधने आईला मनाच्या डॉक्टरकडे नेलं!

झालं असं. तुमचे भाऊ गेल्यापासून सकाळी मी त्यांच्याशी थोडं बोलते (पाणी आलं का, भेंडी कशी मिळाली, असलंच). ते गॅलरीतून खोकतात. एवढंच. जिवंतपणी तरी कुठे जास्त उत्तर द्यायचे? श्राद्धाला सुबोध स्वतः गच्चीवर पान ठेवून, "बाबा, या ना आता, ऑफिसला उशीर होतोय," अशा कावळ्याच्या विनवण्या करत होता. शेजारी कौतुकाने बघत होते. मी पितृपक्ष संपल्यावरही बोलले, तर पेशंट!

डॉक्टर सज्जन आहेत. मी विचारलं, साखर रक्तात सापडते, हा आजार कुठे सापडला? म्हणाले, "आजी, तुमच्या बोलण्यात." म्हटलं, सुबोधही तेच बोलत होता, फक्त तिथी वेगळी. (वाचनालयातून या विषयावरची जाडजूड पुस्तकं आणून वाचली, तिथीचा उल्लेख एकातही नाही.) खालच्या मजल्यावरची चेतना अंथरुणातून उठत नव्हती, गोळ्यांनी उठली. तिच्या दुःखाला खुशाल आजार म्हणा, तिलाच ते नको होतं. मला माझं हवं आहे. ते दुसऱ्या कुणाला टोचतं म्हणून नाव ठेवायचं, तर त्याला निदान कशाला म्हणायचं? डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी खोकला थांबेल म्हणतात. मग घरात काय उरेल, ते सांगत नाहीत. म्हणून मी त्या घेतच नाही.

आपली,
शकु

ता.क. आंबापोळी पाठवू नका. तुम्हीच या, लवकर.

आणखी एक ता.क. खरं कारण लिहिते. गोळ्यांच्या पाकिटाला मी हात लावलेला नाही, तरी गोळ्या कमी होताहेत. घरात मी आणि सुबोध, दोघंच. काल खोकला आला तेव्हा सुबोधच्या हातून चहा सांडला. माझ्याकडे न बघता उठला आणि गॅलरीचं दार कडी घालून बंद केलं. पोर घाबरलंय, वन्सं. मी सांगून ऐकणार नाही, मी पेशंट. तुम्ही आत्या, तुम्ही सांगा, दार उघड म्हणावं. बंद केल्यापासून खोकला वाढलाय.