पांढऱ्या मोज्यांची ओवी

आई, तुझ्या नागपंचमीच्या फेराच्या गाण्याला आता ड्रम लागलेत. केस मोकळे सोडलेली चार पोरं गिटार बडवत ते किंचाळतात आणि सगळा जिल्हा त्यावर नाचतो. परवा धाराशिवला चुलत भावाच्या मुलीची हळद होती. स्पीकर असा, की ताटातली जिलेबी थरथरत होती. नवरी माझा हात ओढायला लागली, "आत्या, उठा की! लई हिट हाय." मी विचारलं, "कुणाचं आहे?" "पारंपरिक हाय ओ. कुणाचंच नसतंय." "कुणाचंच नाही? मग काय लिंबाला लागलं होतं?" ती हसली. मी हसले नाही. आणि त्या गोंगाटातून ही ओवी आली:

लेक निघाली शाळंला, पांढरं मोजं गं पायाला
मागं वळून बघंना, नजर माझी गं यष्टीला

आपल्या तामलवाडीत तेव्हा पांढरे मोजे घालून सोलापूरच्या कॉन्व्हेंटला जाणारी मी एकटीच. स्पीकर वाजत असतो, पण मला ऐकू येत नाही. हॉलमधले दिवे विरघळतात. लिंबाचा झोका रिकामाच हलतो, ओल्या मातीत बायकांचा फेर संथ फिरतो, आणि त्यात तू, पदर खोचलेली. सगळ्यांच्या तोंडावर ऊन आहे, तू तेवढी पाठमोरी.

शेजारी धाकटी काकू बसली होती, फेरात तुझा हात धरणारी. म्हणाली, "तुझ्या आईनंच जोडलेली ही. जी ती आपल्या लेकीची ओवी घालायची. ती गिटारवाली पोरं गाणी गोळा करत गावात आली, तवा म्याच म्हणून दिली."

"मग मला कशी माहीत नाही, काकू?"

"तू आलीस की ती फेरातच येत न्हवती. तूच म्हणालीस न्हवं, मैत्रिणींपुढं आरडू नको म्हणून?"

म्हणाले होते. बारा वर्षांची होते, हॉस्टेलच्या दोन मैत्रिणींना सणाला घेऊन आले होते. फेरातून हात सोडवलास आणि दिंडं उकडायला आत गेलीस.

काल त्या बँडला खरमरीत पत्र लिहायला बसले. पारंपरिक म्हणून सोडून देऊ नका, त्या ओवीला माझ्या आईचं नाव लावा. पण पुरावा काय देऊ? माझे मोजे? आणि साक्षीला कोण, तर जिनं तुला गप्प केलं तीच. मी बंद पाडलेलं गाणं त्या किंचाळणाऱ्यांनी माझ्यापर्यंत आणलं, हे लिहिताना दात शिवशिवतात. तरी लिहिलं. ते पत्र उद्या पोस्टात पडेल. हे तुला लिहिलेलं वहीतच राहील. तुला तसंही वाचता येत नव्हतं, आणि मी कधी शिकवलं नाही.

एक मात्र सांगते. माझ्या मोबाइलला तेच गाणं लावलंय, ड्रमसकट. फोन वाजला की लगेच उचलत नाही. मोजे येईपर्यंत थांबते.