कॅटलॉगमधले बाबा

प्रिय बाबा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे. आईला आधी एवढंच सांगा. कलामेळा काल संपला. तीन दिवस उभं राहून पायांचे खांब झालेत आणि कुणी नुसतं हसून पाहिलं तरी वैताग येतोय.

मेळा म्हणजे भलीमोठी शेड, तात्पुरत्या भिंतींच्या पांढऱ्या खोल्या आणि डोळ्यांत घुसणारा उजेड. आमची रांग कॉफीच्या काउंटरमागे, वर पाटी, ‘आजचा आशिया’. एवढा खंड आठ खोल्यांत कोंबला होता. शेजारी एक कुंभारीण होती, साधे, सुरेख पेले करणारी. तिला सारखं कुणीतरी विचारायचं, तुम्ही काय काय सोसलंत? ती म्हणायची, “मला चहा आवडतो, म्हणून पेले करते.” लोक पुढे सरकायचे. चित्र नंतर, आधी दुःख दाखवा, असा सगळा कारभार.

मी तुमच्या शिलाईच्या दुकानाचं चित्र नेलं होतं. मशीन, त्यावर लोंबणारी मोजपट्टी आणि रिकामं स्टूल. खरं तर तुम्हालाच बसवून काढायचं होतं, पण तुम्ही पाच मिनिटं एका जागी टिकाल तर शपथ. शेवटी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा नुसतं स्टूल काढून घेतलं.

चित्र निवडताना गॅलरीवाल्या बाईंनी विचारलं होतं, “इथे बसणारे कुठे आहेत?” मी म्हटलं, “वडील ना? गेले.” ‘जेवायला’ म्हणेपर्यंत त्यांनी माझा हात हातात घेतला होता. पाच वर्षांत माझ्या कुठल्याच चित्रापुढे त्या इतक्या थांबल्या नव्हत्या. मी गप्प बसले, बाबा.

मेळ्यात त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होत्या. एका वयस्क गृहस्थांनी चित्र घ्यायचं ठरवलं. त्यांचे वडील गेल्याच महिन्यात वारले होते. ते माझ्याजवळ बसून वडिलांच्या आजारपणाचं एकेक सांगत राहिले, आणि मला तिथे बसवेना. मी म्हणाले, “माझे वडील धडधाकट आहेत. आत्ता कुणाशी तरी काज-बटणांवरून वाद घालत असतील.” त्यांनी कोटाची बटणं लावली आणि निघून गेले. बाई म्हणाल्या, “कशाला तोंड उघडलंस?” पुढच्या मेळ्यातून माझं नाव कापलंय. चित्र तेच, हात तोच. पण तुम्ही जिवंत झालात आणि एकही माणूस थांबेना. या लोकांचा राग येतो, त्याहून जास्त स्वतःचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गॅलरीने मेळ्याचा कॅटलॉग घरी पाठवलाय, आठवड्याभरात पोचेल. त्यात माझ्या चित्राखाली ‘दिवंगत वडिलांच्या स्मृतीस’ असं छापलंय. छपाईआधी ते पान माझ्याकडे आलं होतं, आणि मी ‘ठीक आहे’ असं कळवलं होतं. आई ते शेजारी दाखवायला नेईल, त्याआधी तुम्हाला कळायला हवं. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसून सोडून दिलं असतं, आणि मला तसं सुटायचं नव्हतं.

तुमचीच,
बडबडी