बग्गीची पाकिटं

सोलापूर, ४ मार्च २०२४

चि. अजिंक्य यास आईचे अ. उ. आ.

तुझ्या सीमेवरच्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून पत्र. मी बरी आहे. ऊन आत्तापासूनच डोळ्यांवर यायला लागलंय.

आता खरी बातमी. सुट्टी अर्धवट टाकून गेलास, तेव्हापासून तुझ्या रिमोटवरच्या रेसिंग बग्गीचं किट कपाटावर धूळ खात होतं. पडून राहिलेलं काम मला बघवत नाही. खोकं उतरवलं आणि पुस्तिकेतली चित्रं बघून अख्खी बग्गी जोडली! तू वेगळी आणलेली धातूची बेअरिंगं आणि जास्त ताकदीची मोटरही बसवून टाकली. शाळेत जन्मभर शिवणकाम शिकवलेल्या बाईला बारीक स्क्रूंचं काय भय? शेजारच्या सृष्टीने मैदानात पळवून पाहिली. तिचं म्हणणं, काकू, गाडी लई पळती की. आता तू यायचं आणि नुसता रिमोट हातात घ्यायचा.

कानटोपी घालत जा. आईची आठवण येत असेल तर उत्तर धाड.

तुझी,
आई

चौकी, २३ मार्च २०२४

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. प्रकृती उत्तम. कानटोपी डोक्यावरच आहे, इथला बर्फ ती काढू देत नाही.

आई, पहाऱ्यावर उभा असताना मी ती बग्गी मनातल्या मनात जोडत होतो. आधी गिअर, मग धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये तेल, एकेक पाकीट उघडत. मला पळवण्यापेक्षा जोडण्याचीच हौस होती. चौथीतला आकाशकंदील तू केलास. विज्ञान प्रदर्शनातला पूल तू केलास, बक्षीस मी घेतलं. ही एक वस्तू तरी माझ्या हाताने व्हावी, असं वाटत होतं. वाईट वाटलं, लपवत नाही. तू ती माझ्यापेक्षा चांगली जोडली असणार, दुखणं तेच आहे.

जूनमध्ये सुट्टी मिळेल असं वाटतंय. रागावू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा,
अजिंक्य

सोलापूर, ९ एप्रिल २०२४

चि. अजिंक्य यास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. एवढं केलं त्याचं कौतुक राहिलं बाजूला! दोन दिवस भांडी आपटली. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि रडू आलं.

बग्गी सगळी सोडवली. मोटर, बेअरिंगं काढली, शॉकमधलं तेल बाटलीत भरलं. चित्रं बघून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या पाकिटात घातला. पाकिटं मी घाईत फाडली होती, ती मशीनवर टीप मारून शिवली. सृष्टीच्या मते मला खूळ लागलंय. चाकांवर चिकटवलेले टायर मात्र काही केल्या सुटेनात. तेवढे माझे राहू देत.

जूनमध्ये तू जोडायला बस. मी शेजारी बसणार, बघितल्याशिवाय मला राहवायचं नाही. पण स्क्रू वाकडा लावलास, गिअर उलटा घातलास, तरी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसेन. अडलास तर विचार. नाही विचारलंस तरी चालेल, हे लिहिताना जिवावर येतंय, पण लिहिते.

तुझी वाट बघणारी,
आई