सात वेळा पडलेल्या माणसाची मोटार

२ ऑक्टोबर १९३१

दोनशे चाळीस रुपये! वर्षाचा विमा! तोही जुन्या गाडीचा!

मुलींच्या शाळेची अट आहे — विम्याचा कागद दाखवा, मग मुलींची ने-आण करायचं काम तुमचं. मुदत दसऱ्यापर्यंत. नाहीतर गाडी पिरियापट्टणच्या तंबाखूवाल्याला द्यायची, असं यांनी ठरवूनच टाकलंय. याच गाडीवर वरुणा गावच्या रस्त्याला माझा हात बसला, लायसन मिळालं. मी ती विकू देणार नाही.

आकडा आणला येसाजीरावांनी. यांचे रिसाल्यातले सोबती, आता विमा विकतात. म्हटलं, आणखी कुठं विचारू या. हे म्हणाले, "सुम्ने, उगाच कशाला? एका धन्याचं मीठ खाल्लं की दुसऱ्याच्या छावणीत जायचं नसतं." घ्या! विमा काढायचाय की लढाई मारायचीय?

५ ऑक्टोबर

गेलेच मी दुसऱ्या विमेवाल्याकडे. यांना न सांगता.

सुब्बराव रंगाऱ्याच्या घरातला. बापानं लुगडी रंगवली, हा पॉलिसी लिहितो. "आमी धोका मापतो बाई, मग भाव सांगतो," म्हणाला, आणि विचारतच सुटला. गाडी कुठं असते? जुन्या तबेल्यात. छप्पर? गवताचं. आत काय? वैरण. त्यानं कपाळाला हात लावला. भाड्यानं चालणार का? चालवणार कोण? आजवर अपघात किती? म्हटलं, एकही नाही. "मग दोनशे चाळीस कशे? येसाजीरावांना दिलेल्या अर्जाची नक्कल आणा बघू."

६ ऑक्टोबर

नक्कल सापडली. 'चालकाचे आजवरचे अपघात' — पुढं यांच्या ठसठशीत अक्षरात, सात.

विचारलं. "सातच. घोड्यावरून. तिसऱ्या खेपेला गुडघा गेला, पण लगाम सोडला नाही!" वर छाती पुढं काढून. येसाजीरावांनी वाचलं होतं म्हणे. त्यांना काय वावगं वाटणार, दोनदा तर त्यांच्यादेखतच पडले होते. हसून हसून माझं पोट दुखलं. हे रुसून बसलेत.

११ ऑक्टोबर

वैरण हलवली. गवत उतरवून मंगळूरी कौलं चढवली. पाठ मोडली, पण मजा आली.

१५ ऑक्टोबर

नव्या अर्जावर तिघांचे भाव आले. येसाजीराव एकशे ऐंशी. बेंगळूरची कंपनी, टपालानं, एकशे पासष्ट. सुब्बराव दीडशे! तीच गाडी, तोच तबेला.

येसाजीराव घरी आले, तोंड पाडून. "वैनी, आमच्यावर भरवसा नाही?" म्हटलं, "भरवसा आहे, भावजी. पण वांगीसुद्धा मी तीन ठिकाणी विचारून घेते." "अदू सरी, तेही खरंच," म्हणाले, आणि कॉफी पिऊन गेले. हे मात्र खिडकीबाहेर बघत होते.

१७ ऑक्टोबर

सुब्बरावनं आज निराळंच काढलं. "सायबांचा गुडघा ताठ, वय वर. चालक म्हणून तुमचं नाव घातलं तर एकशे वीस." दोन अर्ज हातात दिले.

मला काय हवं ते मला ठाऊक आहे. रोज सकाळी मुलींना घेऊन निघायचं, मीच! पण सात वेळा पडून लगाम न सोडणाऱ्या माणसाला शेजारी बसा, असं कसं सांगू? आधीच मी कमी हसले नाही. दोन्ही अर्ज देव्हाऱ्यापाशी ठेवले, दीडशेचा वर. म्हटलं, दीडशेचाच घेऊ. हे "हूं" म्हणाले.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

यांनी तलवारीशेजारी मोटारीचं हँडल पूजेला मांडलं. खाली कागद. एकशे वीसचा. चालक — सौ. वनजाबाई. अपघात — शून्य. अक्षर यांचं.

"मीही दोन भाव ताडून बघितले," म्हणाले, आणि मोटारीत चालकाशेजारच्या जागेवर जाऊन बसले. चाकांखालची लिंबं चिरडत गाडी मी बाहेर काढली.