पातेल्यावरचा उजेड

१३ जानेवारी
कॉम्प्युटर ग्राफिक्सचं लेक्चर ९ तिसऱ्यांदा पाहिलं. मास्तर परदेशातले, बोलणं घाईचं, म्हणून दर वाक्याला थांबवून वहीत उतरवते. विषय: एखाद्या पृष्ठभागावर उजेड किती पडतो. उत्तर: दोन सदिशांचा अदिश गुणाकार. बस्स.
एकतीस वर्षं हाच गुणाकार बारावीला शिकवला. फळ्यावर दोन बाण, मधे कोन, कोसाइन, पुढचं गणित. कशाला लागतो असं कोणी विचारलं तर "परीक्षेला" म्हणत होते. आज पडद्यावर चकती काढली, हा गुणाकार लावला, एका बाजूने उजेड दिला. चकतीचा गोळा झाला.
स्वतःचा राग आला. आनंदही झाला असेल, पण आधी राग.
गृहपाठ तपासायला कोणी नाही. लाल पेनाने मीच तपासते. आज १० पैकी ६. चिन्हाची चूक. बारावीच्या पोरीला मी यासाठी उभं केलं असतं.

१९ जानेवारी
या विषयात सगळे चहाची किटली काढून शिकतात. पद्धतच आहे म्हणे. मी किटली काढणार नाही, आमच्या घरात किटली नाही. पातेलं आहे. सासूबाईंचं, बाहेरून तांबं, आतून कल्हई. त्याची एका बाजूची कड पट्टीने मोजली. बावीस बिंदू. ती रेघ गोल फिरवली की पातेलं.
पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांचा मुक्काम सोफ्यावर. तिथून:
"पातेलं मोजून काय करणार?"
"कॉम्प्युटरवर काढणार."
"स्वैपाकघरात आहे की."
पुढचा बिंदू मोजला.

२३ जानेवारी
तीन दिवस गेले. पातेल्याचं आतलं दिसतं, बाहेरचं दिसत नाही. कसंही फिरवा, फक्त आतलं. सगळा प्रोग्रॅम दोनदा वाचला. चूक नाही. म्हणजे आहे, मला दिसत नाही.

२४ जानेवारी
सापडली.
पातेलं म्हणजे बारके त्रिकोण. त्रिकोणाचे तीन बिंदू ज्या क्रमाने सांगाल त्यावरून मशीन ठरवतं, ही पुढची बाजू की मागची. मागची असली तर काढतच नाही, तेवढा वेळ वाचतो. बिंदू सांगायचे घड्याळाच्या उलट. मी सगळे उजवीकडून सांगितले. तुळशीला, देवळाला, लग्नात होमाला, आयुष्यभर त्याच बाजूने फिरले, हातही तसाच गेला. सहाशे बहात्तर त्रिकोण, झाडून सगळे प्रदक्षिणेने.
ह्यांना सांगितलं.
"म्हणजे उलटी प्रदक्षिणा घालायची म्हण."
"घातली."
"मग?"
"काही झालं नाही. पातेलं दिसलं."

६ फेब्रुवारी
इतवारा बाजारात मुनीरभाईंकडे खरं पातेलं नेलं, कल्हई उडाली होती. त्यांच्या घरात आजोबांपासून कल्हई. आता कुकरच्या शिट्ट्या आणि शेगड्याच जास्त येतात. लॅपटॉप पिशवीत होता, काढलेलं पातेलं दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.
"बाई, ये तो प्लास्टिक है."
"तांबं आहे ते."
"रंग तांब्याचा हाय. माल प्लास्टिकचा." खरं पातेलं उचलून उन्हात धरलं. "ही चमक बघा. तांब्याची चमक पन तांबडीच ऱ्हाते. पांढरी चमक प्लास्टिकला, चिनीमातीला. तुमी पांढरी कुठून आनली?"
लेक्चर १४ मधे हेच होतं. वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. लिहिलं होतं, पाहिलं नव्हतं.
"आन् दुसरं. चमक भांड्यात नसतीच. समोर जे हाय ते भांड्यात दिसून राहिलं. तुमच्या पातेल्यासमोर काय ठिवलं?"
काही नव्हतं ठेवलं. चहूकडे काळं.
"मंग काय चमकंल बिचारं."

१२ फेब्रुवारी
बैठकीच्या खोलीचे फोनने चहूबाजूंनी फोटो काढले, जोडले, पातेल्याभोवती गुंडाळले. चमक तांबडी केली. झालं तांबं. खिडकी वाकून दिसते, पंखा दिसतो, आणि सोफ्यावर बनियनमधे हे. उठा म्हणून सांगितलं होतं.
"मला विचारलं का?"
"दोनदा. तुम्ही पेपर वाचत होतात."
"मग शर्ट तरी घालायला सांगायचं."
पण लॅपटॉपचा जीव जातोय. भाच्याने नवा घेताना दिलेला जुना. सेकंदाला सात चित्रं. तीस हवीत, नाहीतर फिरवलं की पातेलं उचक्या देतं. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला तरी तापतो. आणि अजून सावल्या यायच्या आहेत.

१७ फेब्रुवारी
शाळेत गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा. संगणक कक्षात बारा नवी मशीन आहेत, चांगल्या ग्राफिक्स कार्डाची. वर्षभर कव्हरखाली, दाराला कुलूप. तपासणीला कोणी आलं की कव्हरं काढतात. शिपाई पांडुरंग म्हणाला, "उघडलं तर धूळ बसंल म्हनून साहेब न्हाई म्हनत्यात, बाई."
साहेब म्हणजे संस्थेचे सचिव. म्हणजे गजानन. अकरावीत मी दोनदा नापास केलेला.
अर्ज दिला. शनिवारी दुपारी दोन तास मला एक मशीन. त्या बदल्यात पुढचे दोन तास मुलामुलींना हाच विषय शिकवीन. मानधन नको.
गजानन पाया पडला, चहा मागवला. मग:
"बाई, कोर्स कुठून केला?"
"इंटरनेटवर लेक्चरं बघून."
"म्हंजे फुकटची?"
"फुकटची."
"सर्टिफिकेट?"
"देत नाहीत."
"मंग कमिटीला काय दाखवू?"
"मला येतं ते दाखव."
"येतं ते कुनाला कळतंय बाई? कागद कळतो."
चहा अर्धा ठेवून आले. हा मुलगा दोन्ही वेळा पेपर कोरा ठेवत नव्हता, भलतंच लिहायचा. आज उत्तर बरोबर दिलं, आणि तेच जास्त लागलं.

७ मार्च, लातूर
कागद हवा तर कागद. धाकट्या बहिणीकडे, निर्मलाकडे उतरले. बस वाटेत चाकूरला पाऊण तास पंक्चर. तरी वेळेवर पोचले, ॲनिमेशनच्या एका क्लासात. काउंटरवरचा मुलगा:
"ॲडमिशन कोणासाठी, आजी?"
"माझ्यासाठी. ॲडमिशन नको. नुसती परीक्षा घ्या. पास झाले तर कागद द्या."
"तसं नसतं. दोन वर्षं हजेरी लागते."
"विषय येत असला तरी?"
"विषयाचं नाही ओ. सर्टिफिकेट हजेरीचं असतं."
खरं बोलला. त्याला कळलं नाही, पण खरं बोलला.
निर्मला जेवायला वाढताना हसून हसून बेजार. "अक्का, या वयात लोक गुडघे बदलून राहिले अन् तू परीक्षा मागत फिरतीस."
"माझे गुडघे चांगले आहेत."
"डोकं बघ मग."
"ते तर त्याहून चांगलं आहे. भाकरी वाढ."

२ एप्रिल
नवं मशीन मिळेल तेव्हा मिळेल. आहे त्यावर करायचं ठरवलं. मूर्खपणा माझाच होता: पातेल्याचा प्रत्येक ठिपका दर चित्राला चौसष्टदा बैठकीच्या खोलीच्या फोटोंकडे बघत होता. खोली बदलते का? नाही. मग एकदाच बघितली, पुसट करून ठेवून दिली, ठिपक्याला सांगितलं, ही घे, एकदा बघ.
सेकंदाला ३४.
लाल पेनाने ९. एक गुण राखून ठेवला, आधी सुचायला हवं होतं.

९ एप्रिल
गजाननच्या केबिनमधे लॅपटॉप उघडला. पातेलं फिरवलं.
"हे फोटो हाय का, बाई?"
"नाही. सेकंदाला चौतीसदा नव्याने काढतंय."
"आन् हे बनियनवाले कोन?"
"माझे यजमान."
दारात पांडुरंग तोंडावर हात धरून. गजानन हसला नाही. माउस मागितला. स्वतः फिरवलं, आत वाकून कल्हई बघितली, परत बाहेर आला, परत आत. पाच मिनिटं. अकरावीत हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.
मग सचिव झाला परत. "बाई, ह्याचा डिप्लोमाच करू. उद्घाटन करू. सर्टिफिकेट आपलीच संस्था छापंल. तुमाला पन एक करून देतो, मागच्या तारखेचं."
"कशाचं?"
"ह्याच कोर्सचं. कमिटीला कागद झाला की कुलूप उघडलं. मंगळवारी."
लॅपटॉप पिशवीत घालून आले. मंगळवारी.

१० एप्रिल
आज सावली घातली. ३४ वरून ४. हा लॅपटॉप इथून पुढे येणार नाही. ते कुलपातलं मशीन येईल.
तो कागद घ्यायचं मन झालं. लिहायला लाज वाटते, पण झालं.
हे म्हणाले, "घे ना. तुला येतंच आहे. खोटं काय त्यात?"
आणि खरंच, काय खोटं? त्या कागदावर असेल त्याहून मला जास्त येतं. सकाळभर उत्तर सापडलं नाही. भाजी चिरताना सापडलं. गणित गजाननलाही थोडंफार येत होतं. पेपरात उतरलं नव्हतं. म्हणून मी त्याला पुन्हा बसवलं. त्याचे वडील घरी आले होते, हात जोडून, दोन गुणांसाठी. दिले नाहीत.
तेव्हा दिले नाहीत, तर आता घेणार नाही.

११ एप्रिल
पत्र दिलं. मजकूर: मागच्या तारखेचं प्रमाणपत्र मला नको. माझी परीक्षा घ्यावी. उघड, फळ्यावर. प्रश्न कोणीही विचारावा, इंजिनिअरिंगचे प्राध्यापक बोलवावेत. नापास झाले तर पुन्हा खोली मागणार नाही. शनिवार १९, दु. २, संगणक कक्षासमोरचा व्हरांडा.
कारकून वाचून घाबरला. "बाई, साहेब चिडतील हो."
"चिडू दे. तू आवकचा शिक्का मार."

१५ एप्रिल
गजाननचा फोन.
"बाई, तुमी माझी इज्जत काढून राहिल्या."
"परीक्षा माझी आहे, तुझी नाही."
"अन् नापास झाल्या तर? लोक हसतील तुमाला."
"तू दुसऱ्यांदा बसलास. हसलं का कोणी?"
"हसले होते, बाई. लई हसले होते."
त्याने फोन ठेवला.
हे मला माहीत नव्हतं. शिक्षक खोलीत बसून कसं कळणार? गुण मात्र आजही देणार नाही. पण ते हसणारे कोण होते, त्यांना उभं करायला हवं होतं. ते राहिलं.

१८ एप्रिल
उजळणी. अदिश गुणाकार, सदिश गुणाकार, चार बाय चारचे आव्यूह म्हणजे मॅट्रिक्स, दूरचं लहान का दिसतं, धातूची चमक, सावली. फळा नाही म्हणून फ्रिजच्या दारावर मार्करने. पुसताना थोडं राहिलंच.
भीती वाटते आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही. आव्यूहांचा गुणाकार उभ्याने, लोकांसमोर, क्रम चुकला तर सगळं चुकतं.
हे: "नाही जमलं तर?"
"तर पत्रात लिहिलंय काय करायचं ते."
"ते नव्हतं लिहायचं."
"लिहिल्याशिवाय त्याला परीक्षा म्हणत नाहीत."

१९ एप्रिल, शनिवार, दु. २.२०
व्हरांड्यातच लिहिते आहे. खोलीला कुलूप. प्राध्यापक कोणी नाही. सचिव नाहीत. ऊन मरणाचं.
पांडुरंगने स्वतःहून चाकाचा फळा बाहेर ओढून आणला. वर म्हणाला, "मला कोनी सांगितलं न्हाई, बाई, मीच आनला." खुर्ची विचारली. आण म्हटलं, दारासमोर ठेव. तिथे बसले आहे.
तीस-चाळीस जण. थोडे शिक्षक, बाकी बारावीचा निकाल लागायचा आहे अशी मुलं-मुली. एक मुलगी मघाशी विचारून गेली, "बाई, प्रश्न आम्ही विचारले तर चालतील का?" पत्रात कोणीही लिहिलंय. चालतील म्हटलं. ती वही घेऊन मैत्रिणींत जाऊन बसली आहे, काहीतरी कठीण शोधताहेत. शोधू देत.
हे मागच्या बाकावर, पेपर उघडा धरून. एक पान अर्ध्या तासात उलटलेलं नाही.

२.४०
गजाननची गाडी फाटकातून आत आली. निंबाखाली थांबली. काच खाली झाली. आत शेजारी अजून कोणी तरी आहे, फाईल मांडीवर. तो प्राध्यापक आहे, कमिटीचा माणूस आहे की वकील, इथून कळत नाही.
गजाननने हाताने खूण केली. इकडे या, बाई.
सगळे माझ्याकडे बघताहेत. मी मानेनेच नाही म्हटलं. फळा इथे आहे, खडू इथे आहे. तिथून इथे पाच पायऱ्या, त्या त्यानं चढायच्या आहेत.
काच तशीच खाली. गाडी अजून चालू आहे.